प्रतिपालक गृह : बालसंख्येची मर्यादा

जन्मदात्या आईवडिलांजवळ राहू न शकणाऱ्या मुलाला काही काळासाठी दुसऱ्या कुटुंबात ठेवून त्याचे संगोपन करण्याच्या व्यवस्थेस प्रतिपालन व अशा कुटुंबाच्या घरास प्रतिपालक गृह असे म्हणतात. दत्तकविधानाने मूल नव्या कुटुंबाचे कायमचे घटक बनते. प्रतिपालनात तसे होत नाही. मुलाच्या खर्चासाठी शासन, संस्था किंवा मुलाची आई प्रतिपालकास ठराविक रक्कम देते. एका गृहात एका वेळी किती मुले ठेवावीत यावर अनेक देशांत कायद्याने मर्यादा घातलेली आहे. या मर्यादेचा उगम मुलांच्या संगोपनातून नफा मिळविण्याच्या प्रवृत्तीस आळा घालण्यात आहे. पुढे तिला प्रत्येक मुलास मिळणाऱ्या व्यक्तिगत लक्षाचे माप असा अर्थ प्राप्त झाला. या स्थित्यंतराचा सलग इतिहास इंग्लंडमध्ये आढळतो.

पूर्वपीठिका : एलिझाबेथच्या कारकीर्दीतील १६०१ च्या कायद्याने इंग्लंडमधील निराधारांच्या पोषणाची जबाबदारी पॅरिश या स्थानिक घटकावर टाकण्यात आली. अनाथ अर्भके दायांकडे सोपविण्याची प्रथा तेव्हापासून रूढ होती. टॉमस कोरम (सु. १६६८–१७५१) याच्या प्रयत्नांनी लंडनमध्ये स्थापन झालेल्या अनाथ अर्भकालयास १७३९ मध्ये राजाची सनद मिळाली व १७४१ पासून तेथे मुले घेण्यात येऊ लागली. ही अर्भके खेड्यांतील दायांकडे पाठविली जात व सुमारे पाच वर्षांची झाल्यावर शिक्षणासाठी परत आणली जात. १७५६ ते १७६० या काळात संसदेच्या अनुदानामुळे येईल ते मूल स्वीकारावे लागले. चार वर्षांत सुमारे १५,००० मुले आली आणि त्यांपैकी बहुसंख्य मृत्यू पावली. संस्थेची इच्छा कितीही चांगली असली, तरी मुलांची संख्या सांभाळणाऱ्यांच्या शक्तीबाहेर गेली की काय होते, याचा हा प्रारंभीचा मोठा दाखला होय. अर्भकालयाच्या कामाशी संबंधित असलेल्या जोनास हॅनवे (१७१२–८६) याच्या खटपटीने १७६७ मध्ये झालेल्या कायद्यान्वये लंडनमधील पॅरिशांना आपल्या आश्रयाखालील सहा वर्षांखालील मुले शहरापासून किमान तीन मैल दूर संगोपनासाठी पाठविणे भाग पडले.

या कायद्याने मुले शहराबाहेर गेली. परंतु ज्यांच्याकडे ती जात त्यांनी किती मुले घ्यावीत यावर बंधन नव्हते. त्यामुळे ठराविक दराने शेकडो मुले सांभाळण्याचा ठेका घेणारे खाजगी चालक पुढे आले. दर मुलामागे पैसे मिळत असल्याने मुले जितकी अधिक व त्यांच्यावरील खर्च जितका कमी, तितका चालकाचा लाभ अधिक असे. लंडनजवळील टूटिंग येथील अशाच एका गृहात सुमारे १,४०० मुले दाटीवाटीने ठेवलेली होती. १८४८ च्या अखेरीस तेथे पटकीची साथ उद्‌भवली व थोड्याच आठवड्यांत दीडशेहून अधिक मुले दगावली. चालक ड्रूए याच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला झाला; पण १८४९ मध्ये तो निर्दोष सुटला. मुले एरवीही जगली असती हे सिद्ध करता आले नाही. चार्ल्स डिकिन्झ (१८१२–७०) याने एक्झामिनर या साप्ताहिकातून या प्रकरणावर कठोर टीका केली. निव्वळ गर्दी हा गुन्हा ठरविण्यास तत्कालीन कायदा असमर्थ आहे, हे या खटल्याने दाखवून दिले.

१८७० चा आदेश : स्कॉटलंडमध्ये निराधार मुलांना श्रमगृहांत न ठेवता शेतकरी व कारागीर कुटुंबांत ठेवण्याची पद्धत आधीपासून रूढ होती. तिची पाहणी करविल्यानंतर इंग्लंडच्या गरीब-साहाय्य मंडळाने नोव्हेंबर १८७० मध्ये एक आदेश काढला. त्यानुसार अनाथ व परित्यक्त मुलांना स्थानिक समित्यांच्या देखरेखीखाली दूरच्या कुटुंबांत ठेवण्याची परवानगी मिळाली. एका घरात दोनपेक्षा अधिक मुले ठेवू नयेत. भावंडे असल्यास ही मर्यादा ओलांडता येईल, तथापि कोणत्याही परिस्थितीत संख्या चारपेक्षा अधिक असू नये, असा दंडक या आदेशाने घातला. दर मुलामागे आठवड्यास जास्तीत जास्त चार शिलिंग देण्याची तरतूद होती. या दंडकात पुढील काळातील नियमांची तिन्ही अंगे बीजरूपाने दिसतात : लहान संख्या, भावंडांसाठी सवलत आणि सवलतीलाही शेवटची सीमा.

संख्या लहान ठेवण्यामागील हेतू आर्थिक होता. दोन मुलांच्या आठ शिलिंगांवर कोणतेही कुटुंब उपजीविका करू शकत नव्हते. त्यामुळे घरात मिळवता माणूस असलेली कुटुंबेच पुढे येतील, अशी अपेक्षा होती. तरीही अर्थशास्त्रज्ञ व संसदसदस्य हेन्री फॉसेट (१८३३–८४) याने या योजनेला विरोध केला. भारतविषयक प्रश्नांवरील संसदेतील भाषणांमुळे फॉसेट भारतीयांना सुपरिचित होता. निराश्रित मुलासाठी मिळणारी रक्कम शेतमजूर स्वतःच्या मुलावर करू शकत असलेल्या खर्चाहून जास्त ठरेल व आपली मुले टाकून देण्याच्या प्रवृत्तीस उत्तेजन मिळेल, असे त्याचे प्रतिपादन होते.

संख्येच्या नियमाला प्रत्यक्ष भेटींची जोड आवश्यक होती. १८८५ मध्ये मेरिअन मेसन (१८४५–१९३२) हिची या मुलांची निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. मुलाचे कपडे वरून नीटनेटके दिसले, तरी मोज्यांखालील पाय दुर्लक्षित असतात, हे जाणून ती मुलांचे मोजे उतरवून पाय तपासत असे. अंगावर वळ, मळ व उपासमारीच्या खुणा आढळल्यास मूल तेथून हलविण्याची शिफारस ती करी.

अर्भक-संगोपनाचा धंदा : वरील आदेश सार्वजनिक खर्चाने पोसल्या जाणाऱ्या मुलांपुरताच होता. खाजगी रीत्या पैसे घेऊन सांभाळल्या जाणाऱ्या अर्भकांना त्याचे संरक्षण नव्हते. १८३४ च्या कायद्याने अनौरस अपत्याच्या पोषणाचा भार प्रामुख्याने आईवर टाकला. घरकाम वा गिरणीकाम करणाऱ्या अविवाहित मातांना मूल जवळ ठेवून नोकरी करणे अशक्य असे. वृत्तपत्रांत जाहिराती देऊन अशी अर्भके आठवड्याच्या पैशांवर किंवा एकरकमी मोबदल्यात घेणाऱ्या स्त्रिया शहरोशहरी होत्या. त्यांपैकी पुष्कळ जणी प्रामाणिक असत. परंतु एकरकमी पैसे घेणाऱ्या व्यक्तीचा फायदा मूल लवकर मरण्यात असे. ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकाने १८६८ मध्ये या धंद्याचा छडा लावण्याची मोहीम हाती घेतली. मार्गारेट वॉटर्स या स्त्रीस अर्भकहत्येबद्दल ऑक्टोबर १८७० मध्ये फाशी झाली आणि १८७१ मध्ये संसदेने चौकशी समिती नेमली.

त्यातून १८७२ चा अर्भक-जीवित-संरक्षण कायदा झाला. एक वर्षाखालील दोन किंवा अधिक अर्भके मोबदला घेऊन चोवीस तासांहून अधिक काळ सांभाळणाऱ्याने आपले घर नोंदविले पाहिजे व त्या घरात किती अर्भके ठेवावीत हे स्थानिक अधिकाऱ्यांनी ठरवावे, अशी त्यात तरतूद होती. अर्भकाच्या मृत्यूची वर्दी मृत्यू-समीक्षकास देणेही बंधनकारक करण्यात आले. नातेवाईक, पालक व धर्मादाय संस्था यांना कायद्यातून वगळले होते. स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या लिडिया बेकर (१८२७–९०) व तिच्या सहकाऱ्यांनी या विधेयकास विरोध केला. मूल कोणाकडे ठेवावे हा मातेचा अधिकार असून सरकारी परवान्यामुळे शेजारधर्माने मुले सांभाळणाऱ्या गरीब स्त्रिया मागे हटतील, हा त्यांचा आक्षेप होता. नियम कडक झाला की घरे कमी होतात, ही त्या आक्षेपातील शंका पुढील दीडशे वर्षांत वारंवार व्यक्त झाली.

या कायद्यात संख्येला दुहेरी स्थान होते. ‘दोन’ हा आकडा देखरेख कोठून सुरू व्हावी हे ठरवी आणि अधिकाऱ्याने दिलेला आकडा संगोपन कोठे थांबावे हे ठरवी. पहिला आकडाच घातक ठरला. एका वेळी एकच मूल घेणारी व्यक्ती कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली, आणि मोठा धोका तिच्याकडूनच होता. रेडिंग येथील अमेलिया डायर हिने वर्षानुवर्षे एकरकमी पैसे घेऊन एकामागून एक अर्भके ताब्यात घेतली व मारली. जून १८९६ मध्ये तिला फाशी देण्यात आली. १८९७ च्या सुधारित कायद्याने वयोमर्यादा पाच वर्षांपर्यंत वाढविली आणि वीस पौंड किंवा त्याहून कमी रक्कम एकदम घेऊन दोन वर्षांखालील एकटे मूल स्वीकारणाऱ्यासही सूचना देण्याचे बंधन घातले. त्याहून अधिक रक्कम घेणारा मात्र सुटत असे. अखेर १९०८ च्या बालक अधिनियमाने सात वर्षांखालील एकाही मुलाचे मोबदल्यासाठी संगोपन करणाऱ्यास अठ्ठेचाळीस तासांत सूचना देणे आवश्यक केले व प्रत्येक घराची कमाल बालसंख्या ठरविण्याचा अधिकार स्थानिक संस्थांकडे कायम ठेवला. देखरेखीचा उंबरठा दोनवरून एकावर येण्यास छत्तीस वर्षे लागली.

संख्येपलीकडील प्रश्न : मर्यादा पाळूनही मूल सुरक्षित राहतेच असे नाही, हे १९४५ मध्ये दिसून आले. न्यूपोर्टच्या नगरसंस्थेने श्रॉपशरमधील एका शेतावर ठेवलेला डेनिस ओनील हा १२ वर्षांचा मुलगा त्या वर्षी जानेवारीत मारहाण व उपासमार यांमुळे मृत्यू पावला. त्या घरात त्याच्यासह त्याचा एक भाऊ, अशी दोनच प्रतिपालित मुले होती. वॉल्टर मंक्टन (१८९१–१९६५) यांच्या चौकशीत दोन स्थानिक संस्थांमधील संपर्काचा अभाव व भेटींतील हयगय उघडकीस आली. मायरा कर्टिस (१८८६–१९७१) यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये दिलेल्या अहवालात कुटुंबातील प्रतिपालनास संस्थेतील वास्तव्यापेक्षा श्रेयस्कर मानले. जी मुले संस्थेत ठेवावी लागतील त्यांचे गट शक्यतो आठांचे असावेत, बारांहून मोठे नसावेत, असेही समितीने सुचविले. प्रत्येक मुलाला ओळखणारा एक मोठा माणूस हवा, हा विचार त्यामागे होता. १९४८ च्या बालक अधिनियमाने ही जबाबदारी स्थानिक संस्थांच्या स्वतंत्र बालक समित्यांकडे सोपविली.

तीनची मर्यादा : इंग्लंड व वेल्ससाठी झालेला १९८९ चा बालक अधिनियम १४ ऑक्टोबर १९९१ रोजी अंमलात आला. त्याच्या सातव्या परिशिष्टाने प्रतिपालनाची नेहमीची मर्यादा तीन मुले अशी ठरविली. सर्व मुले परस्परांची भावंडे असल्यास ही मर्यादा लागू होत नाही. अन्य बाबतींत स्थानिक संस्था सूट देऊ शकते. मात्र किती मुले, कोणत्या व्यवस्थेत, किती काळ राहणार व त्यांच्या हिताचे रक्षण होईल की नाही, याचा तिने विचार करावा लागतो आणि सूट लेखी देऊन मुलांची नावे नमूद करावी लागतात. सूट नसताना मर्यादा ओलांडणारे घर कायद्याने बालगृह समजले जाते व संस्थेचे नियम त्यास लागू होतात. अशा रीतीने घर आणि संस्था यांमधील सीमारेषा आकड्याने आखली गेली. प्रतिपालकांची स्वतःची मुले या तिनांत धरली जात नाहीत. स्कॉटलंडमध्ये परस्परांशी नाते नसलेल्या मुलांसाठी तीनची मर्यादा २०१४ च्या नियमांनी आली.

अमेरिकेत चार्ल्स लोरिंग ब्रेस (१८२६–९०) याने १८५३ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन केलेल्या बालसाहाय्य संस्थेने १८५४ पासून शहरातील मुले आगगाडीने पश्चिमेकडील शेतकरी कुटुंबांत पाठविण्यास प्रारंभ केला. ही चळवळ १९२९ पर्यंत चालली. तिच्यात भावंडांची अनेकदा ताटातूट होई. विसाव्या शतकात घरांना परवाने देण्याचे व संख्या ठरविण्याचे काम राज्यांकडे आले. संघराज्याच्या २०१८ च्या कायद्याने केंद्रीय अनुदानासाठी प्रतिपालक गृहाची व्याख्या करताना सहा मुलांची मर्यादा घातली. भावंडांना एकत्र ठेवणे, अल्पवयीन माता किंवा पित्यास आपल्या अपत्यासह राहू देणे, मुलाचे त्या कुटुंबाशी जुळलेले नाते टिकविणे आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाची विशेष प्रशिक्षित कुटुंबाने काळजी घेणे, या कारणांसाठी ती ओलांडता येते.

भारत : भारतात आईवडील नसलेली मुले आजोळी किंवा चुलत्यांकडे वाढण्याची प्रथा जुनी आहे, तीत संख्येचा प्रश्न कायद्याकडे येत नाही. नात्याबाहेरील कुटुंबात मूल ठेवण्यास बाल न्याय अधिनियम, २००० व त्याची जागा घेणारा २०१५ चा अधिनियम यांनी वैधानिक रूप दिले. २०१५ च्या अधिनियमात प्रतिपालक कुटुंब निवडताना त्याची पात्रता, हेतू, क्षमता व मुले सांभाळण्याचा पूर्वानुभव विचारात घेण्याचा निर्देश आहे. हिताला बाधा येत नसल्यास भावंडे एकत्र ठेवण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करावा, असेही त्यात म्हटले आहे. गट-प्रतिपालनाच्या व्याख्येत व्यक्तिगत लक्ष व आपलेपणाची भावना यांवर भर आहे. बालकल्याण समितीने प्रतिपालक कुटुंबाची दरमहा तपासणी करावयाची असते.

मूल्यमापन : मर्यादेचे समर्थक प्रत्येक मुलास मिळणारा वेळ, शेजघराची जागा, आजारपणातील शुश्रूषा व मुलांमधील परस्पर छळाचा धोका यांकडे लक्ष वेधतात. पूर्वी उपेक्षा वा मारहाण सोसलेल्या मुलास अधिक लक्ष लागते. त्यामुळे सामान्य कुटुंबातील चार मुलांशी चार प्रतिपालित मुलांची तुलना होऊ शकत नाही. उलटपक्षी, प्रतिपालकांची टंचाई असताना कठोर मर्यादेमुळे मूल दूरच्या गावी किंवा संस्थेत पाठवावे लागते व त्याची शाळा आणि सोबती तुटतात. भावंडांची सवलत ही या दोन बाजूंमधील सर्वांत टिकाऊ तडजोड होय. १८७० पासून ती भिन्न देशांच्या नियमांत सातत्याने आढळते. मर्यादेचा आकडा मात्र दोन, तीन वा सहा असा देशकालानुसार बदलत गेला. आकडा गर्दी व नफेखोरी रोखतो. घरातील वागणूक कळण्यास मुलाला प्रत्यक्ष भेटणारा जबाबदार निरीक्षक लागतो. टूटिंगमध्ये पहिल्याचा अभाव होता आणि श्रॉपशरमध्ये दुसऱ्याचा.