दोन दाखले

अश्रद्ध समाजात ख्रिस्ती श्रद्धा प्रामाणिकपणे कशी जगावी, या विषयावर युरोपात विपुल लेखन झाले आहे. नांदेड-लातूरच्या वाचकाला ते काहीसे परके वाटते. ज्या नांदेडला गोदाकाठी १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला, ज्या मुलखातून दरवर्षी पंढरीच्या दिंड्या निघतात आणि जिथे कंधारच्या दर्ग्यात हिंदूही माथा टेकतो, तेथील समाजाला अश्रद्ध म्हणणे धाडसाचे होईल. येथे देव नाकारणारा माणूस शोधावा लागतो. येथील ख्रिस्ती माणसाची परीक्षा नास्तिकाशी वाद घालताना होत नाही. ती तहसील कचेरीत, जातीच्या दाखल्याच्या अर्जावर धर्माचा रकाना भरताना होते. त्या रकान्याचा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला गेलेला नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३६ साली अनुसूचित जातींची यादी निघाली, तिच्यातून भारतीय ख्रिस्ती लोकांना स्पष्ट शब्दांत वगळण्यात आले होते. पण तो हुकूम हैदराबाद संस्थानाला लागू नव्हता. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान मुक्त झाले आणि दोन वर्षांच्या आत, १० ऑगस्ट १९५० रोजी, राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश निघाला. त्याच्या यादीत हैदराबाद राज्यातील महार, मांग, माला, मादिगा या जाती आल्या. त्याच आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने मात्र असे ठरविले की, हिंदू धर्माहून वेगळा धर्म पाळणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही. पंजाबातील काही शीख जातींपुरता तेवढा अपवाद होता. म्हणजे आमच्या मुलखातील ख्रिस्ती मांगाला स्वातंत्र्य आणि हा परिच्छेद जवळजवळ एकाच वेळी मिळाले.

पुढे १९५६ साली राज्यांची फेररचना झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदरमधून मराठवाड्यात आले. देगलूर-बिलोलीकडील काही तेलुगू भाग आंध्रात गेला. भाषेप्रमाणे सीमा हलल्या, तिसरा परिच्छेद होता तिथेच राहिला. तो अगदीच अचल होता असेही नव्हे. त्याच वर्षी सर्व शिखांचा त्यात समावेश झाला आणि १९९० मध्ये बौद्धांचाही. नांदेडच्या माणसाला हे विशेष जाणवावे, कारण हिंदू, शीख आणि बौद्ध हे तिन्ही समाज या शहरात एकमेकांच्या शेजारी नांदतात. त्याच गल्लीतला चौथा शेजारी तेवढा परिच्छेदाबाहेर राहिला.

या शेजाऱ्यांपैकी बौद्ध बांधवांचा अनुभव आपल्याला सर्वात जवळचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. महाराष्ट्र स्थापन झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र १९९० उजाडावे लागले. त्या चौतीस वर्षांत कित्येक घरांत बुद्धवंदना होत होती आणि दाखल्यावर 'हिंदू महार' असे लिहिलेले होते. त्यांना कोणी ढोंगी म्हणाले नाही, आणि म्हणूही नये. ख्रिस्ती घरातला तोच दाखला दिसला की मात्र आपल्यातीलच काही सज्जनांच्या कपाळावर आठ्या पडतात, याचे आम्हांस नवल वाटते.

रकान्याची किंमत काय, हेही नीट समजून घेतले पाहिजे. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात इतर मागासवर्गीयांच्या यादीत स्थान आहे, हे खरे. पण अनुसूचित जातीसाठी राखीव जागा, शिष्यवृत्ती आणि १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण या गोष्टी त्याने मिळत नाहीत. लातूर लोकसभा मतदारसंघ आणि देगलूर व उदगीर हे विधानसभा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. तिथला दलित ख्रिस्ती मत देऊ शकतो, उमेदवार होऊ शकत नाही. राखीव सरपंचपदाचेही तेच. गावाने त्याचे घर आहे तिथेच ठेवलेले असते. पण ते घर कुठे आहे हे कागदावर सांगण्याचा अधिकार त्याने बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी संपतो.

दाखल्यापायी श्रद्धा अडचणीत येण्याचा प्रसंग ख्रिस्तसभेवर पहिल्यांदाच आलेला नाही. इसवी सन २५० मध्ये रोमन सम्राट डेसियस याने हुकूम काढला की, साम्राज्यातील प्रत्येकाने देवतांना बळी अर्पण करावा आणि अधिकाऱ्यांकडून तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. नाव, बापाचे नाव, गाव, काहींवर वय आणि अंगावरच्या खुणा, आपण देवतांना नित्य अर्पण करीत आलो असल्याचे निवेदन आणि खाली सह्या! कचेरीतले अर्ज पाहिलेल्या कोणालाही ते परके वाटणार नाहीत. काही ख्रिस्ती लोकांनी खरोखरच बळी दिले. काहींनी बळी दिला नाही; अधिकाऱ्याचा हात ओला करून नुसता दाखला मिळवला. छळ थांबल्यावर या दोघांचे काय करायचे, यावरून ख्रिस्तसभा दुभंगली. रोममध्ये नोव्हेशियन म्हणाला, कोणालाच परत घेऊ नका. कार्थेजचे महागुरू संत सिप्रियन आणि २५१ साली तेथे भरलेली धर्मसभा यांनी वेगळा मार्ग धरला. प्रत्येकाची हकिकत स्वतंत्रपणे ऐकायची, बळी देणारा आणि नुसता दाखला घेणारा यांत फरक करायचा आणि प्रायश्चित्तानंतर दार उघडायचे. पोप कॉर्नेलियस यांनीही तीच भूमिका घेतली. नोव्हेशियनची शुद्धांची मंडळी वेगळी निघाली आणि काही शतकांत विरून गेली.

ही तुलना आम्ही जपूनच करतो. डेसियसचा दाखला घेणारा आपण न केलेली गोष्ट केल्याचे सांगत होता. देगलूरचा माणूस आपली जात सांगतो ती खरीच असते. खोटे आहे ते तिच्या मागे जोडलेले एक विशेषण, आणि ते जोडल्याशिवाय खरे सांगण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही. तरीही ते विशेषण क्षुल्लक आहे, असे सिप्रियनांचा शिष्य म्हणणार नाही. घरात एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे, अशी वाढलेली मुले आपण कोण हे सांगताना क्षणभर थांबतात. तो क्षण आम्ही पाहिला आहे. उलट रकान्यात 'ख्रिस्ती' लिहून हातची शिष्यवृत्ती सोडणारी कुटुंबेही आमच्या धर्मग्रामांत आहेत. त्यांचा गौरव आपण वेदीवरून करीत नाही, कदाचित शेजारच्या बाकावरचा माणूस दुखावेल म्हणून.

आणि ख्रिस्तसभेचा स्वतःचा दाखला? १९८५ साली मद्रासच्या रस्त्याकडेला जोडे शिवणाऱ्या सूसाई नावाच्या ख्रिस्ती कारागिराचा दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. धर्मांतरानंतरही जातीची झळ तितकीच तीव्र राहते, हे सिद्ध झाले पाहिजे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. ख्रिस्ती धर्मात जात नाही, हा युक्तिवाद सरकार करते तेव्हा ते आपला धर्मोपदेश आपल्यापेक्षा गंभीरपणे घेत असते. रोटीव्यवहार झाला, बेटीव्यवहाराचे काय, हे प्रत्येक धर्मग्रामाला ठाऊक आहे. भारतीय कॅथलिक महागुरूंच्या परिषदेने २०१६ साली दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करून सभेतील जातिभेदाची कबुली दिली. पहिले दलित कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, २०२२ मध्ये झाले. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत, धर्मविधीच्या ८७७ व्या कलमाप्रमाणे, मूल, आईबाप, धर्ममातापिता, तारीख आणि ठिकाण यांची नोंद होते; जातीचा रकाना नसतो. जातीच्या दाखल्यावर बाप्तिस्मा नसतो. एकच माणूस या दोन कागदांत अर्धा अर्धा नोंदलेला आहे.

तिसरा परिच्छेद काढून टाकावा, अशी शिफारस न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये केली. ती अमलात आली नाही. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला गेला. दरम्यान नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सांगितले की, ख्रिस्ती धर्म आचरीत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे ही संविधानाची फसवणूक होय. तेव्हापासून दाखल्याविषयी विचारायला येणाऱ्यांचा आवाज आणखी खाली आला आहे.

आता सर्वांची जातवार गणना १९३१ नंतर प्रथमच होणार, असे सरकारने २०२५ साली जाहीर केले; जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली. प्रगणकाला काय सांगावे, असे लोक आम्हांस विचारतात. १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे व्यक्तीची नोंद गुप्त राहते आणि ती न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही. म्हणून आम्ही त्यांना सांगतो की, धर्म विचारला की ख्रिस्ती सांगा, जात विचारली की जी आहे ती सांगा, आणि प्रगणकाने दोन्ही लिहून घेतले की नाही ते उठण्यापूर्वी पाहून घ्या.