वेगळे होण्याचा हक्क कोणाचा?

एखादा प्रदेश देशातून फुटतो तेव्हा त्याची सीमा कोणी ठरवायची? १९४० साली मुस्लिम लीगने लाहोर ठराव केला. त्याच वर्षी बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' लिहून या प्रश्नाला थेट हात घातला. मुस्लिमबहुल भागाला वेगळे होण्याचा हक्क असेल, तर पंजाब-बंगालमधल्या मुस्लिमेतर जिल्ह्यांनाही तोच हक्क आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे हक्क माणसांचा, इंग्रजांनी आखलेल्या प्रांताचा नव्हे.

१९४७ मध्ये दोन्ही प्रांत फाळले गेले. पण दलितांना विचारले कोणी? फाळणीवर मतदान झाले ते मर्यादित मताधिकारावर निवडलेल्या विधिमंडळांत. बंगालमधला खुलना जिल्हा थोड्या फरकाने मुस्लिमेतर बहुसंख्य, तरी तो पाकिस्तानात गेला. बाबासाहेबांना बंगालमधून संविधान सभेत पाठवण्यासाठी झटलेले जोगेंद्रनाथ मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. पूर्व बंगालमधल्या दलितांवरील अत्याचारांमुळे १९५० मध्ये राजीनामा देऊन त्यांना भारतात यावे लागले.

म्हणून आम्ही म्हणतो, घोषणा अखंडतेची असो वा स्वातंत्र्याची, आधी विचारा: या भूमीवर राबणाऱ्या भूमिहीनाचे मत कोणी घेतले?

जय भीम!