नालबंदी ते कुत्र्याचे बूट : हिवाळ्यात चालणाऱ्या पायांचा हिशेब



कुत्र्याच्या हिवाळी बुटांचा इतिहास, आणि तोही निमगाव केतकीत! विषय ऐकून हसू येणं साहजिक आहे. इथे बर्फ पडत नाही. पण आपण जिथे बसलो आहोत ती जागा जरा बघा. बारामती-इंदापूर रस्त्यावरचं, पानमळ्यांसाठी नावाजलेलं हे गाव. तुकोबारायांच्या पालखीचा इथे मुक्काम असतो. नारायण महाराजांनी 1685 साली हा सोहळा सुरू केला. काटेवाडीत पालखीसाठी परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, तिथेच पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, पुढे बेलवाडीत अश्व धावतात. हा रस्ताच मुळी पायांचा आहे. माणसाचे, बैलाचे, घोड्याचे, मेंढीचे आणि या सगळ्यांच्या मागेपुढे धावणाऱ्या कुत्र्याचे पाय. तेव्हा चालणाऱ्या जनावराच्या पायाचं रक्षण कुणी, कधी आणि का केलं, हा प्रश्न इथे विचारला तर ते अस्थानी होणार नाही.

सुरुवात घोड्यापासून करू. भीमथडी, म्हणजे भीमेचा काठ, तट्टांसाठी प्रसिद्ध. मराठ्यांच्या मोहिमेचा हंगाम कोणता? पावसाळा सरला, दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की फौजा बाहेर पडायच्या. म्हणजे थंडीचे महिने हेच घोड्याच्या पायांच्या खऱ्या कसोटीचे महिने. सभासद बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था दिली आहे. तिच्यात पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असतो. पाणी देणारा एक आणि पाय सांभाळणारा एक. त्या काळच्या फौजेला घोड्याची तहान आणि घोड्याचा पाय या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या वाटत होत्या, हे यावरून दिसतं.

आता याच धंद्यातून आलेला एक शब्द बघू : नालबंदी. मूळ अर्थ नाल ठोकण्याचं काम. पण मराठ्यांच्या जमाखर्चात तो एका रकमेचं नाव झाला. ज्यांचे घोडे स्वतःचे, त्या शिलेदारांना मोहिमेआधी तयारीसाठी जी उचल द्यायची, तिला नालबंदी म्हणत. म्हणजे बघा, जनावराच्या पायाचा खर्च इतका पक्का धरलेला होता की सगळ्या तयारीच्या पैशालाच त्याचं नाव पडलं.

बैलाचंही तसंच. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, चार पायांना मिळून आठ. भवानीनगर, बिजवडीच्या कारखान्यांनी हा भाग उसाचा केला. ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्या घेऊन आल्या की डांबरी रस्त्यावर भरलेली गाडी ओढणाऱ्या बैलाला पत्री मारल्याशिवाय गत्यंतर नसतं. बैलाला दोरानं आडवा पाडायचा, पाय बांधायचे आणि बेतानं खिळे ठोकायचे, हे काम अनेकांनी पाहिलं असेल. गाळपाचा हंगामही मुख्यतः हिवाळ्याचाच. तेव्हा आपल्याकडे जनावरांची हिवाळी पादत्राणं नव्हती असं कुणी म्हणू नये. होती, ती लोखंडाची होती आणि त्यांचा हिशेब वहीत होता.

मग कुत्रा कुठे राहिला? कुत्रा तर सगळीकडे आहे. जेजुरीच्या खंडोबाच्या प्रतिमेत देव घोड्यावर आणि पायाशी कुत्रा. बारामती-फलटणकडचे धनगरवाडे दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे जातात, तेव्हा सामानाला तट्टू, राखणीला कुत्री. सातारकर छत्रपती शाहूंच्या खंड्या कुत्र्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असं सांगतात. संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. एका कुत्र्याला थेट पालखी, आणि बाकी सगळी कुत्री अनवाणी!

याची दोन कारणं आम्हाला दिसतात. पहिलं कारण शरीराचं. घोड्याच्या खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखी असते. तिच्यात संवेदना नाही, म्हणून खिळा ठोकता येतो. कुत्र्याच्या पंजाखाली गादी असते : वर जाड, खरखरीत कातडी आणि आत चरबी, रक्तवाहिन्या, नसा. तिथे खिळा चालत नाही. नालबंदाची सगळी विद्या इथे थांबते. कुत्र्याला काही घालायचं तर ते पिशवीसारखं, बांधायचं हवं.

दुसरं कारण हिशेबाचं. घोडा लंगडला तर स्वार खाली येतो. बैल लंगडला तर गाडी थांबते. नुकसान त्याच दिवशी दिसतं. कुत्रा लंगडला तर रात्री एखादी मेंढी लांडगा नेतो, आणि ते नुकसान कुत्र्याच्या पायाच्या नावावर कधी मांडलं जात नाही. ज्याच्या कामाची नोंद नाही, त्याच्या पायाचा खर्च कोण धरणार? पायाचं रक्षण मायेपेक्षा वहीतल्या नोंदीच्या मागून चालत आलं, हे आजच्या बोलण्यातलं मुख्य सूत्र.

हे सूत्र तपासायचं तर जिथे कुत्र्याचं काम बैलाइतकंच मोजलं गेलं तिथे जायला हवं. असा मुलुख म्हणजे उत्तर ध्रुवाकडचा. तिथे गाडी ओढतो तो कुत्रा. आणि तिथे कुत्र्याचे बूट पिढ्यान्‌पिढ्या आहेत. इन्युइट लोक ते सीलच्या कातड्याचे करत. गंमत अशी की त्यांची खरी गरज ऐन कडाक्याच्या थंडीपेक्षा वसंतात लागे. वरचा बर्फ वितळून पुन्हा गोठला की त्याच्या सुया होतात आणि त्या गाद्या कापतात. निव्वळ थंडीची सोय निसर्गानं बरीचशी केलेली आहे. पंजाकडे जाणाऱ्या रक्ताची ऊब परत येणाऱ्या गार रक्ताला मिळते, त्यामुळे पाय सहजासहजी गोठत नाही. बूट हवा तो मुख्यतः कापणाऱ्या आणि घासणाऱ्या जमिनीसाठी.

1925 सालच्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. औषध पोचवायला 20 गाडीवान आणि सुमारे 150 कुत्री लागली. सुमारे 1085 किलोमीटरचं अंतर टप्प्याटप्प्यानं साडेपाच दिवसांत तोडलं गेलं. त्यातल्या बाल्टो नावाच्या कुत्र्याचा पुतळा त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या बागेत उभा राहिला. पुढे 1973 पासून अँकरेज ते नोम अशी इडिटारॉड शर्यत सुरू झाली. तिचा एक नियम आपल्या कामाचा आहे. प्रत्येक कुत्र्यामागे आठ बूट गाडीवानाजवळ असलेच पाहिजेत, पायात किंवा गाडीत. आपल्या बैलाच्या आठ पत्र्या आठवल्या ना? जिथे कुत्र्याचं काम वहीत आलं, तिथे त्याच्या पायाची नालबंदीही आली.

आता व्यवहाराचं बोलू. या मालिकेचे श्रोते शिकागो, टोरांटो, न्यू जर्सीतही आहेत, आणि मराठी घरांतून कुत्री आता सर्रास पाळली जातात. तिकडे हिवाळ्यात दुकानात गेलं की पहिला प्रश्न असतो, यातला टिकाऊ बूट कोणता? इतिहास याचं उत्तर थोडं वेगळं देतो. घोड्याचा नाल झिजण्यासाठीच असतो. सहा ते आठ आठवड्यांनी तो काढावा लागतो, कारण खूर वाढतो. शर्यतीतले गाडीवान पातळ नायलॉनचे स्वस्त बूट वापरतात, फाटले की टाकतात, आणि थांब्यावर प्रत्येक पंजा हातात घेऊन बघतात. टिकवायचा असतो तो पाय. त्यासाठी बूट किती टिकाऊ हवा, हे कामावर ठरतं.

म्हणून नालबंदाचेच प्रश्न विचारावेत. रस्ता कोणता? शहरात बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते गाद्यांना झोंबतं आणि कुत्रा चाटतो तेव्हा पोटात जातं. तिथे रबरी तळाचा, वर जाड विणीचं कापड असलेला बूट बरा. तळ मात्र वाकला पाहिजे, नाहीतर कुत्रा घसरतो. माप कसं? कुत्र्याला उभं करून, पायावर वजन असताना कागदावर पंजा आखावा, कारण वजनानं पंजा पसरतो. पुढचे पंजे बहुधा मागच्यांपेक्षा मोठे, म्हणून दोन्ही मापं घ्यावीत. शिवण कुठे आहे? ती आतून पंजाला घासत असेल तर बूट कितीही मजबूत असो, जखम करणारच. पट्टा कुठे? पंजाच्या वरच्या बारीक भागावर, निसटणार नाही इतका घट्ट, पण रक्त अडणार नाही इतका सैल. आणि काढायचा कधी? फिरून आल्याबरोबर. कुत्र्याच्या पंजात घामाच्या ग्रंथी असतात. ओला पाय कोंडून ठेवला तर कातडी मऊ पडून सोलवटते.

आणि काही कामांना बूट नकोच असतो. 2001 साली न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांच्या ढिगाऱ्यावर शोध घेणारी बहुतेक कुत्री अनवाणीच होती. डळमळत्या लोखंडावर पकड हवी, आणि ती नखांची आणि गादीचीच.

इथल्या धनगराच्या कुत्र्याला रोजचा बूट लागत नाही. त्याच्या गाद्या चालून चालून कणखर झालेल्या असतात. त्याचे वैरी म्हणजे सराटे, बाभळीचा काटा, तोडलेल्या उसाचे धारदार बुडखे आणि ज्वारीची धसकटं. यातली बरीच हिवाळ्यातच भेटतात. गादी चिरली तर मात्र चार-आठ दिवस आच्छादन उपयोगी पडतं. जखम धुवावी, कोरडी करावी, स्वच्छ पट्टी बांधावी, बाहेर जाण्यापुरतं वरून जाड कापड चढवावं आणि परत आल्यावर काढावं. सुतळी किंवा रबर आवळून कधीही बांधू नये. रक्त अडलं तर साध्या चिरेपायी आख्खा पंजा जायचा. सूज आली, वास यायला लागला, तर पशुवैद्यकाकडेच न्यावं. रोज रात्री भाकरी टाकताना चारही पंजे उलटून बघायला दोन मिनिटं लागतात. बोटांच्या बेचक्यात अडकलेला सराटा त्या दोन मिनिटांतच सापडतो.

पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद नेमणाऱ्यांनी पाय सांभाळणं हे कुणाचं तरी नेमलेलं काम ठरवलं होतं. कुत्र्याच्या बाबतीत ते काम अजून कुणाच्याच नावावर नाही. घरात कुत्रा असेल तर आज ते कुणाचं, एवढं घरी गेल्यावर ठरवा. आमचं सांगून झालं. आता प्रश्न घेऊ या.