बॅटरी का बसते? नेवा नदीपासून मिनेसोटाच्या तळ्यांपर्यंत

(एपिसोडचा लेखी मजकूर. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हे काय मध्येच? विषय आहे मासेमारीच्या बोटीतली ट्रोलिंग मोटर आणि तिची सारखी सारखी बसणारी बॅटरी.

आधी एक खुलासा. हे कमेंट्समधलं ट्रोलिंग नाही. गळ पाण्यात सोडून बोट अगदी हळू चालवत मासा पकडायचा, त्याला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. त्यासाठी बोटीच्या टोकाला किंवा मागे एक छोटी इलेक्ट्रिक मोटर लावतात. आवाज जवळजवळ नाही, त्यामुळे मासा बुजत नाही. अमेरिकेतल्या तळ्यांवर या मोटारी सर्रास दिसतात. आणि त्यांची एक तक्रारही सर्रास ऐकू येते: "रात्रभर चार्ज केली होती, दुपारी तळ्याच्या मधोमध बसली." वारा उलटा, किनारा लांब, हातात वल्हं. मग घरी येऊन माणूस काय करतो? नवी बॅटरी आणतो. दोन सीझनमध्ये तीही बसते.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की बॅटरी बसणं हा एक आजार नाही. ते लक्षण आहे आणि त्यामागे निदान तीन वेगळे आजार असतात. गंमत म्हणजे या तिघांची मुळं एकोणिसाव्या शतकातच लोकांच्या लक्षात येऊ लागली होती. म्हणून आज इतिहासाच्या वाटेनेच ट्रबलशूटिंग करू.

सुरुवात: बॅटरी म्हणजे जळणारं सरपण

साल 1838. रशियातलं सेंट पीटर्सबर्ग, नेवा नदी. मॉरिट्झ याकोबी नावाचा जर्मन वंशाचा अभियंता डझनभर माणसं बोटीत बसवतो आणि विजेच्या मोटरवर बोट चालवून दाखवतो. खर्च झार पहिला निकोलस याच्या सरकारचा. बोट चालली, पण चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. पुढच्या वर्षी त्याने जास्त दमदार सेल लावून वेग वाढवला.

अडचण मोटरची नव्हती. ते सेल रिचार्ज होणारे नव्हते. आतलं जस्त विरघळायचं, वीज मिळायची आणि जस्त संपलं की खेळ खल्लास. कोळशाच्या मानाने जस्त इतकं महाग की हा हिशोब कधी जुळलाच नाही.

1881 मध्ये पॅरिसच्या सीन नदीत गुस्ताव त्रुव्हेने याहून चतुर काम केलं. त्याने सुमारे पाच किलोची मोटर सुकाणूवरच बसवली, म्हणजे सगळा जुगाड उचलून दुसऱ्या बोटीला लावता येईल असा. आजच्या ट्रोलिंग मोटरचा हा पणजोबाच म्हणा. पण त्याचेही सेल एकदा वापरून रसायन बदलायचेच होते.

शिशाची बॅटरी येते आणि पहिला आजार सापडतो

खरं उत्तर आधीच तयार होतं. 1859 मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने शिशाचे दोन पत्रे गुंडाळून सौम्य सल्फ्युरिक ऍसिडमध्ये बुडवले. ही पुन्हा पुन्हा चार्ज होणारी पहिली व्यवहार्य बॅटरी. 1881 च्या सुमारास कामीय फोर याने पत्र्यावर शिशाच्या ऑक्साईडचा लेप द्यायची युक्ती काढली आणि क्षमता एकदम वाढली. लगेच पुढच्या वर्षी लंडनच्या थेम्सवर 'इलेक्ट्रिसिटी' नावाची लाँच याच जातीच्या बॅटऱ्यांवर धावली. 1893 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात तर पन्नासहून अधिक इलेक्ट्रिक लाँच होत्या आणि त्यांनी लाखो लोकांना फिरवलं. म्हणजे इलेक्ट्रिक बोट ही नवी गोष्ट नाहीच.

त्याच काळात, 1882 मध्ये, ग्लॅडस्टोन आणि ट्राइब या दोन ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी आत नेमकं काय घडतं ते मांडलं. बॅटरी डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. चार्ज केलं की ते परत जातं. सुटलं कोडं? नाही. कारण बॅटरी रिकामी ठेवून दिली, तर सल्फेटचे बारीक कण हळूहळू मोठे, कडक स्फटिक होतात. मग चार्जर लावला तरी ते विरघळायला तयार नसतात. तेवढा भाग कायमचा बाद. याला म्हणतात सल्फेशन.

आता मासेमाराची सवय बघा. रविवारी संध्याकाळी बोट घरी आणली, थकलाय, चार्जर शनिवारी लावू म्हणाला. सहा दिवस बॅटरी अर्धी रिकामी. महिन्यात चार वेळा असं झालं की 100 अँपिअर-तासाची बॅटरी चार्जरच्या हिरव्या दिव्यापुरती फुल्ल, पण आत जागाच उरलेली नाही. फोनचं स्टोरेज भरलेलं दिसतं, पण आत बॅड सेक्टर, तसंच काहीसं.

दुसरा आजार: घाईने काढलेली वीज

1897 मध्ये विल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने एक नियम मांडला. शिशाच्या बॅटरीतून वीज जितकी जोरात काढाल, तितकी एकूण कमी मिळते.

हे आकड्यात बघू. 100 अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे बहुतेक वेळा 20 तासांच्या हिशोबाने 100. म्हणजे 5 अँपिअर काढलेत तर 20 तास. पण मध्यम आकाराची 12 व्होल्टची ट्रोलिंग मोटर फुल स्पीडला 50 अँपिअरच्या आसपास खाते. साधा भागाकार म्हणतो 2 तास. पॉयकर्टचा घातांक 1.2 धरला तर उत्तर येतं साधारण सव्वा तास. आणि बॅटरी टिकावी म्हणून अर्ध्याच्या खाली न्यायची नसेल, तर उरतात जेमतेम 38 मिनिटं!

म्हणजे बऱ्याचदा बॅटरी खराब नसतेच. गणित चुकलेलं असतं. इथे एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने आहे. पाण्यात वेग वाढवला की लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाने वाढते. उलट, वेग अर्धा केला तर शक्ती जवळपास एक अष्टमांश लागते. थोडा अंगठा मागे घेतला की दिवस निघतो.

मोटर जुनी असेल तर आणखी एक भानगड. जुन्या पाच स्पीडवाल्या मोटारी वेग कमी करायला रेझिस्टर वापरायच्या, म्हणजे वाचलेली वीज उष्णता होऊन जायची. नंतर पल्स विड्थ मॉड्युलेशनवाल्या आल्या, त्या वीज झपाझप चालू-बंद करून वेग ठरवतात. हळू चालवताना फरक ठळक पडतो.

गाडीची बॅटरी बोटीत कशी घुसली

1912 मध्ये कॅडिलॅक गाड्यांत चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर आला. त्यानंतर बॅटरी घराघरात पोचली, पण एका विशिष्ट प्रकारची: पातळ, पुष्कळ प्लेटा, काही सेकंद प्रचंड करंट देणारी आणि गाडी चालू झाली की लगेच पुन्हा भरली जाणारी.

1934 मध्ये नॉर्थ डकोटातल्या फार्गोमध्ये ओ. जी. श्मिट याने फोर्ड मॉडेल ए गाडीचा स्टार्टर घेतला, त्याला लवचिक दांडा आणि पंखा जोडला आणि ट्रोलिंग मोटर बनवली. पलीकडे नदी ओलांडली की मिनेसोटा, दहा हजार तळ्यांचं राज्य. दोन्ही राज्यांच्या नावांतून ब्रँड झाला मिन कोटा.

मोटरचा जन्मच गाडीच्या पार्टमधून झालेला, मग बॅटरीही गाडीचीच लावायचा मोह होणारच. तो आजही होतो. पण पातळ प्लेटांची स्टार्टिंग बॅटरी रोज रिकामी केली तर लेप गळून पडतो आणि ती लवकर मरते. बोटीला जाड प्लेटांची डीप सायकल बॅटरी हवी. लेबल वाचा. क्रँकिंग अँप मोठ्या अक्षरात आणि अँपिअर-तास कुठेच नाहीत, तर ती बहुधा स्टार्टिंगची.

तिसरा आजार: काही न करता गळणारी वीज

फोरच्याच काळात प्लेटांची शिशाची जाळी मजबूत व्हावी म्हणून तिच्यात अँटिमनी मिसळू लागले. जाळी कडक झाली, पण अँटिमनीमुळे बॅटरी नुसती ठेवली तरी उतरायची. 1930 च्या दशकात बेल लॅबमध्ये कॅल्शियमचा पर्याय शोधला गेला, टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांसाठी. आजच्या सीलबंद बॅटऱ्या म्हणूनच हळू गळतात.

पण बोटीत दुसरी गळती असते. फिश फाइंडर, पाणी उपसणारा पंप, रेडिओ यातलं काहीतरी स्टँडबायवर. समजा फक्त 50 मिलीअँपिअर. 100 अँपिअर-तासाची बॅटरी त्यात 83 दिवसांत सफाचट. मिनेसोटात तळी महिनोन्महिने गोठलेली असतात, बोट शेडमध्ये. वर धोका असा की भरलेल्या बॅटरीतलं ऍसिड उणे 50 अंशांतही गोठत नाही, पण रिकाम्या बॅटरीत ते जवळपास पाणीच असतं आणि उणे 10 च्या आसपास गोठून खोकं फोडतं.

मग शोधायचं कसं?

एकच प्रश्न आधी विचारा: बॅटरी कधी बसते?

चालवताना बसत असेल, तर लोड बघा. पंखा काढून दांड्याला गळाची दोरी किंवा शेवाळ गुंडाळलंय का ते तपासा, हे फार वेळा सापडतं. मग टर्मिनल घासून घट्ट करा. जोडात फक्त 0.02 ओहम रोध असला तरी 50 अँपिअरला 1 व्होल्ट तिथेच जातो आणि 50 वॉट उष्णता होते. मोटर चालवून वायरला हात लावा, जिथे गरम तिथे चोर.

पडून राहिल्यावर बसत असेल, तर फुल्ल चार्ज करून सगळ्या तारा काढा आणि आठवडाभर ठेवा. टिकली तर दोष बोटीच्या वायरिंगमध्ये. तारा काढूनही उतरली तर बॅटरीत.

मुळात भरतच नसेल, तर चार्जर काढल्यावर काही तास थांबून मल्टिमीटर लावा. 12.6 ते 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. चार्जर 5 अँपिअरचा असेल तर निम्मी रिकामी बॅटरी भरायला 10 तासांहून जास्त लागतात, कारण शेवटचा टप्पा सावकाशच भरतो. आणि 24 व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या जोडल्या असतील तर दोन्ही वेगवेगळ्या मोजा. एक कमजोर असली की ती दुसरीलाही खाली ओढते. म्हणून जुनी-नवी जोडी लावू नका.

यात तुमचा काय संबंध? तुमच्या घरातल्या इन्व्हर्टरखाली प्लांतेचीच बॅटरी बसलीय. "बॅकअप देत नाही" म्हणून ती भंगारात द्यायच्या आधी हेच तीन प्रश्न विचारा आणि डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा. प्लेटा उघड्या पडल्या की तेवढा भाग गेलाच. नवी बॅटरी आणली आणि कारण तेच राहिलं, तर पैसे दुसऱ्यांदा जातात, एवढंच.

याकोबीकडे बोट होती, मोटर होती, झारचा पैसा होता. अडलं बॅटरीवर. आपल्याकडे निदान ती का बसते याची उत्तरं सव्वाशे वर्षांपासून आहेत.

तुमच्याकडची बॅटरी कधी बसते, चालताना की पडून राहिल्यावर, ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटूच. तोवर टर्मिनल घट्ट ठेवा!