ज्वारीच्या दाण्याएवढे छिद्र

चष्मा नसलेली आजी सुईत दोरा ओवताना डोळे किलकिले करते, हे आपण सर्वांनी पाहिलं आहे. पापण्यांची फट अरुंद झाली की अंधुक नेढं जरा स्पष्ट दिसतं. मंडळी, कॅमेराही हेच करतो. भिंगातलं छिद्र लहान केलं की जवळचं आणि दूरचं दोन्ही रेखीव उमटतं. मात्र उजेड कमी शिरतो. या देवघेवीतून छायाचित्रणाच्या दोन वाटा कशा निघाल्या, ते आज पाहू.

पहिली वाट मोठ्या कॅमेऱ्याची. 1932 साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरात अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदींनी आपल्या मंडळाचं नावच 'एफ/64' ठेवलं. हा आकडा कसला? भिंगाच्या नाभीय अंतराला 64 ने भागलं की छिद्राचा व्यास मिळतो. म्हणजे आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान. वेस्टनच्या कॅमेऱ्यातली फिल्म 8 इंच बाय 10 इंचांची. एवढ्या फिल्मला नेहमीचं भिंग सुमारे 300 मिलिमीटरचं लागतं. त्याचं 64 वं छिद्र पावणेपाच मिलिमीटरांचं, ज्वारीच्या दाण्याएवढं!

दुसरी वाट जर्मनीतल्या वेट्झलार गावची. तेथे लायट्झ कारखान्यात ओस्कार बार्नाक हा कारागीर होता. त्याला दम्याचा विकार. काचांचा जड कॅमेरा घेऊन डोंगर चढणं जमेना. 1913-14 च्या सुमारास त्याने सिनेमाची 35 मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली. आपल्या दादासाहेब फाळक्यांचा 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' अशाच फिल्मवरचा, बरं का! सिनेमाची चौकट दुप्पट करून बार्नाकने 24 बाय 36 मिलिमीटरचं चित्र योजलं. 1925 साली लाइपझिगच्या जत्रेत 'लायका' कॅमेरा लोकांपुढे आला. त्याचं भिंग 50 मिलिमीटरचं.

आता गणित करा. 50 ला 11 ने भागा. साडेचार मिलिमीटर! पुन्हा तोच ज्वारीचा दाणा. एकाच जागेवरून, जवळजवळ तोच देखावा टिपला आणि सारख्याच आकाराचे फोटो छापले, तर दोन्हींत रेखीवपणाची खोली जवळपास सारखी येते. पण एफ/11 वर फिल्मच्या प्रत्येक ठिपक्यावर पडणारा उजेड एफ/64 च्या सुमारे 32 पट. मोठ्या कॅमेऱ्याला अर्धा सेकंद लागला, तर लहानग्याला सेकंदाचा साठावा भाग पुरे. अर्ध्या सेकंदात खडक हलत नाही. पोर मात्र मान वळवतं! म्हणून मोठ्या कॅमेऱ्याने डोंगर जिंकले आणि लहानाने चालतीबोलती माणसं.

फुकट मात्र काही मिळत नाही. लहान फिल्म फार वाढवून छापावी लागते. त्यात कण दिसू लागतात, बारकावे हरवतात.

आजच्या मोबाइलमध्ये फिल्मच्या जागी नखाएवढा संवेदक असतो. समजा, त्याचं भिंग 5 मिलिमीटरचं आणि आकडा 2. छिद्र झालं अवघं अडीच मिलिमीटर. म्हणूनच त्यात पुढची-मागची मुलं सहज रेखीव येतात, आणि मागचा देखावा धूसर हवा असेल तर तो बहुधा आतल्या गणकयंत्राला हिशेबाने करावा लागतो.

गुरुजी, एक प्रयोग वर्गात करा. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा आणि चष्मा काढून त्यातून फळा पाहा. अक्षरं स्पष्ट होतील, पण फळा काळवंडेल. आजीची युक्ती आणि त्या युक्तीची किंमत, दोन्ही मुलांना एका क्षणात कळेल.