लावणे : शब्दकोड्यापासून संघनिवडीपर्यंत

आयपीएलच्या दिवसांत आमच्या चकलांब्यात संध्याकाळी सहानंतर एकच प्रश्न कानावर पडे : ‘टीम लावली का?’ टीम निवडली का, असे कुणी विचारत नसे. क्रिकेट खेळतात, पत्ते खेळतात. ‘लावतात’ तो मटक्याचा आकडा. मोबाइलवरच्या या खेळाला कायदा कौशल्य म्हणत होता आणि बोलीने त्याच्यासाठी मटक्याचे क्रियापद उचलले होते. ही तफावत कुठून आली, हे शोधता शोधता मी १९५७ सालापर्यंत मागे गेलो.

खेळ मुळात निरुपद्रवी आहे. खऱ्या खेळाडूंमधून आपला कागदी संघ उभा करायचा आणि मैदानावरील कामगिरीप्रमाणे गुण मोजायचे. १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी बेसबॉलसाठी असा डाव मांडला, तो आख्ख्या मोसमाचा होता. आपल्याकडे मुंबईच्या हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी २००८ मध्ये ड्रीम ११ सुरू केले. पुढे मोसम मागे पडला आणि एकेका सामन्याचा डाव आला. शंभर गुणांच्या मर्यादेत अकरा खेळाडू निवडायचे. कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. निकाल त्याच रात्री.

नोंदणीचे आकडे बोलके आहेत. २०१४ मध्ये दहा लाख, २०१६ मध्ये वीस लाख आणि २०१८ मध्ये साडेचार कोटी. दोन वर्षांत क्रिकेटचे ज्ञान वीसपटीने वाढत नाही. वाढल्या त्या इतर गोष्टी. २०१६ मध्ये जिओने डेटा स्वस्त केला. त्याच वर्षी यूपीआय आले आणि पाच-पन्नास रुपये बोटाने पाठवता येऊ लागले. एप्रिल २०१७ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने या खेळात कौशल्याचा वाटा प्रधान असल्याचा निर्वाळा दिला. २०१८ मध्ये जाहिरातीत महेंद्रसिंग धोनी आला. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही हा जुगार नसल्याचे म्हटले. २०२० मध्ये आयपीएलच्या नावाआधी कंपनीचे नाव लागले, त्यासाठी २२२ कोटी रुपये मोजले गेले.

आता १९५७ कडे. तेव्हा वेड होते बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे. आर. एम. डी. चामरबागवाला यांचे ‘स्पोर्टिंग स्टार’ हे साप्ताहिक बंगळूरला छापले जाई, पण त्यातल्या कोड्यांच्या प्रवेशिका मुंबई राज्यातूनही जात. मुंबई सरकारने १९५२ मध्ये १९४८ च्या कायद्यात दुरुस्ती करून बाहेर छापलेल्या पत्रांच्या स्पर्धाही त्याच्या कक्षेत आणल्या. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ एप्रिल १९५७ रोजी निकाल लागला : उत्तर आयोजकाने आधीच मोहोरबंद करून ठेवलेले, स्पर्धकाने त्याच्याशी जुळवायचे, तेव्हा हा जुगारच.

पण त्याच दिवशी त्याच चामरबागवालांच्या दुसऱ्या प्रकरणात आणखी एक निकाल आला, आणि माझ्या मते खरी गोम तिथे आहे. केंद्राच्या १९५५ च्या बक्षीस स्पर्धा कायद्याने दोन साधे बांध घातले होते. महिन्याला एकूण बक्षीस एक हजार रुपयांच्या वर नको. प्रवेशिका दोन हजारांच्या वर नकोत. न्यायालयाने ठरवले की हा कायदा फक्त जुगारी स्पर्धांना लागू. यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असेल तर स्पर्धा त्याच्या बाहेर. त्यानंतर ‘कौशल्य’ हा शब्द परवान्यासारखा वापरला गेला. रमी आणि घोड्यांच्या शर्यतीही पुढे याच दारातून सुटल्या.

कौशल्य खोटे नव्हते. वानखेडेवर दव पडले की कोणता फिरकीपटू निष्प्रभ ठरतो, हे आमच्याकडची पोरे तोंडपाठ सांगत. पण एकोणपन्नास रुपये भरून लाखो संघ ज्या डावात उतरत, तिथे पहिला नंबर एकाचाच. दोन हजार प्रवेशिकांच्या डावात जाणकाराला निदान जागा असते. लाखोंच्या गर्दीत तो पुन्हा आकडाच लावत असतो. ऊसतोडीची उचल एका ॲपवर घालवून बसलेला तरुण मी पाहिला आहे. त्याचे क्रिकेटचे ज्ञान माझ्यापेक्षा चांगले होते.

जपानचे उदाहरण इथे उपयोगी पडते. फुटबॉल क्लब चालवण्याचा सेगाचा खेळ तिथे १९९६ पासून लोकप्रिय आहे. मोबाइल आल्यावर नशिबाने मिळणारी कार्डे विकून कंपन्या पैसे काढू लागल्या. ठरावीक कार्डांचा संच पुरा केल्यावर मोठे कार्ड देण्याची पद्धत मे २०१२ मध्ये तिथल्या ग्राहक व्यवहार संस्थेने बेकायदा ठरवली. खेळात कौशल्य किती, यावर ती संस्था अडली नाही. पैसा कोणत्या युक्तीने काढला जातो, हे तिने पाहिले.

आपल्या संसदेने हा प्रश्न ऑगस्ट २०२५ मध्ये घेतला. लोकसभा २० तारखेला, राज्यसभा २१ला, राष्ट्रपतींची संमती २२ला. नव्या कायद्यात पैशांचा ऑनलाइन खेळ म्हणजे कौशल्याचा, नशिबाचा किंवा दोन्हींचा, कसाही असो. अडुसष्ट वर्षांची भिंत तीन दिवसांत पडली. कायद्याविरुद्धच्या याचिका हे लिहिताना सर्वोच्च न्यायालयात आहेत. संपूर्ण बंदीपेक्षा १९५५ चे दोन बांध मला अधिक शहाणे वाटतात. बंद दरवाजामागे मटका कसा वाढतो, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको.

गावात आता ‘टीम लावली का’ क्वचित ऐकू येते. सामना मात्र पोरे अजून बघतात, आणि दव पडले की फिरकीपटूवर तसेच भांडतात. त्या भांडणाचे कुणी पैसे घेत नाही.