पेटीतून गेलेलं ग्रंथालय

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ बारा वर्षांचा होईपर्यंत निरक्षर होता. 1875 साली तो बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. बडोद्याच्या ग्रंथालयाची हकीगत मी नेहमी इथूनच सुरू करते. अक्षर उशिरा हाती आलेल्या माणसालाच त्याची किंमत नेमकी ठाऊक असते, असं मला मनापासून वाटतं.

1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला. चार इयत्ता शिकलेलं पोर शेतावर परतलं आणि पुढे वाचायला काहीच मिळालं नाही, तर शिकलेलं किती दिवस टिकणार? अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली होती. 1910 साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं. राजवाड्यातला खासगी संग्रह, सुमारे 20,000 पुस्तकं, बाहेर काढला आणि त्यावर मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं. वाचकाने कपाटापाशी जावं, पुस्तक स्वतः चाळावं, अशी तिथली रीत. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभागही झाले.

शहरातल्या ग्रंथालयाने गावाची भूक भागत नाही. ते काम मोतीभाई अमीन या शिक्षकाने अंगावर घेतलं. खेडोपाडी मित्रमंडळांची वाचनालयं ते आधीपासूनच चालवत होते. आता सरकारी खात्यातून लाकडी पेट्या निघू लागल्या. एकेका पेटीत पंधरा ते तीस पुस्तकं असत. गावाने ती वाचून परत करायची आणि दुसरी मागवायची. वाचकाला पैसा लागत नसे. ज्यांना वाचताच येत नव्हतं, त्यांच्यासाठी जादूचा कंदील (मॅजिक लँटर्न) आणि चलच्चित्रं गावोगाव फिरत. त्या काळात निरक्षराचाही माहितीवर हक्क मानणारं खातं! या एका गोष्टीसाठी मी बडोद्यापुढे मान तुकवते.

कायमचं वाचनालय हवं असलेल्या गावासाठी वेगळा नियम होता. खर्चाचा एक तृतीयांश वाटा गावाने उभा करायचा, एक प्रांत पंचायतीने द्यायचा आणि एक सरकारने. इमारतीलाही हेच प्रमाण. मला या योजनेचा कणा इथे दिसतो. ज्याने पदरचे चार पैसे घातले, तो हिशेब विचारतो, कुलूप का लागलं म्हणून जाब विचारतो. दानाच्या वाचनालयात विचारणारं कोण असतं? अमीनांनी हीच शिस्त व्यवहारातही नेली. ग्रंथालयांना पुस्तकं आणि सामान रास्त भावात मिळावं म्हणून त्यांनी पुस्तकालय सहायक सहकारी मंडळ काढलं. मालकी सभासदांची आणि नफ्याआधी वाचनालयाची सोय पाहायची, असा तो धंदा होता.

बॉर्डन 1913 साली परतले. पुढची धुरा जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी सांभाळली. 1912 पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत होतं. राजा मराठी, प्रजा बहुतांश गुजराती. दोन्ही भाषांचा मान त्यात राखला गेला.

तरीही 1917 साल मला टाळता येत नाही. याच दरबाराच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून आलेले डॉ. आंबेडकर नोकरीसाठी बडोद्यात आले आणि त्यांना राहायला खोली मिळेना. नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढलं आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले. ग्रंथालयाचं दार नियमाने उघडता आलं, पण वस्तीतल्या घरांची दारं त्या नियमाच्या कक्षेत नव्हती.

1949 साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, 1960 नंतर ते ग्रंथालय गुजरातचं झालं. मांडवीजवळच्या त्या इमारतीत आजही लोखंडी मांडण्या आणि उजेड खाली झिरपू देणारी काचेची जमीन आहे.

इकडे महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा 1967 चा. त्याखाली हजारो वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं. पण आमच्या वाचनालयात आजही नवा वाचक आला की आधी अनामत आणि वर्गणीची पावती फाडावी लागते. ती फाडताना मला दर वेळी ती लाकडी पेटी आठवते.